श्रावणाचा कित्ता : ‘ळ’ बाळबोध, मोडी आणि कन्नड (बोरू, शाई, कागदाच्या शंका इथेच विचारा)

शहापूरची दौत

नमस्कार मंडळी. या महिन्याच्या बैठकीसाठी कित्त्याचं अक्षर ठरलंय ‘ळ’. कारण सरळ आहे. आपल्या बेळगावचं नाव बाळबोधीत (म्हणजे मराठीच्या देवनागरीत) लिहा नाहीतर कन्नडमध्ये, मध्ये ‘ळ’ येतोच. दोन्ही भाषांत तो रोजच्या बोलण्यातला. तेव्हा एकाच कागदावर तीन ओळी करायच्या आहेत. पहिली बाळबोध, दुसरी मोडी, तिसरी कन्नड. चौथ्या ओळीत ज्याला जी लिपी आवडेल त्यात ‘बेळगाव’ हा शब्द.

मापं सगळ्यांनी एकच घ्या, म्हणजे भिंतीवर शेजारी शेजारी लावता येईल.

कागद ए-३, आडवा (४२० बाय २९७ मि.मी.). बोरूचं टोक ५ मि.मी. बाळबोध अक्षराचा गाभा, म्हणजे शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या तळापर्यंत, पाच टोकं : २५ मि.मी. वेलांटी-मात्रेला वर अडीच टोकं, उकाराला खाली अडीच टोकं. एकूण ओळ ५० मि.मी. अशा चार ओळी म्हणजे २०० मि.मी. उरलेले ९७ मि.मी. वर ४० आणि खाली ५७ असे वाटा. खालचा समास मोठाच हवा, नाहीतर मजकूर घसरून खाली आल्यासारखा दिसतो.

रेघा २एच पेन्सिलीने, अगदी हलक्या. एचबीने मारलेली रेघ शाई वाळल्यावर खोडायला गेलं की काळा फराटा उठतो.

‘ळ’ लिहिताना मुख्य अडचण पोटाची. दोन वाटोळी शेजारी शेजारी आणि मध्ये छेद, त्यामुळे आत शाई भरून यायला वेळ लागत नाही. प्रत्येक वाटोळ्यात आतली मोकळी जागा किमान एका टोकाएवढी, म्हणजे ५ मि.मी. राहिली पाहिजे. गाभा चार टोकांचा केला तर ती राहत नाही. म्हणून पाच.

जाड-बारीक कुठे पडतंय ते तपासा. बाळबोध वळणात वाटोळ्याचा जाड भाग वर-डावीकडे आणि खाली-उजवीकडे येतो. बारीक भाग वर-उजवीकडे आणि खाली-डावीकडे. याच्या उलट पडलं असेल तर बोरूचा कोन रोमन अक्षरांचा आहे. मग अक्षर कितीही घोटा, ते परकंच दिसणार.

टिळकवाडी_अक्षर

दौतअण्णा, मापं छान दिलीत. एक अडचण आहे. दंड, म्हणजे अक्षराची उभी रेघ, जाड येतोय आणि शिरोरेषा बारीक. टोक तेच, शाई तीच. ओळीच्या सुरुवातीला बरं असतं, खरं उजवीकडे जाईल तसं बिघडत जातंय.

शहापूरची दौत

कोन पडतोय. हे हिशोबानेच बघूया, म्हणजे मनात पक्कं बसेल.

टोकाची धार कागदावर ठेवल्यावर आडव्या रेघेशी जो कोन करते, त्यावर सगळं ठरतं. ४५ अंशाला शिरोरेषा आणि दंड दोन्ही टोकाच्या सुमारे ०.७ पट जाड येतात. ५ मि.मी.च्या टोकाला साडेतीन मि.मी. कोन ३० अंशांवर आला की शिरोरेषा अडीच मि.मी. होते आणि दंड ४.३ मि.मी. कोन ६० झाला तर बरोबर उलटं : शिरोरेषा ४.३, दंड अडीच. तुमचं दंड जाड, शिरोरेषा बारीक, म्हणजे तुम्ही तिशीच्या आसपास उतरलाय.

उजवीकडे जाताना बिघडतं कारण कोपर टेबलावर टेकून राहतं आणि मनगट त्याच्याभोवती फिरतं. मनगट फिरलं की धारही फिरते. उपाय दोन. एक, कोपर उचलून पूर्ण हात सरकवा. दुसरा आणि सोपा, हात जागच्या जागी ठेवा आणि दर दोन अक्षरांनी डाव्या हाताने कागद डावीकडे ओढा.

तपासणीसाठी लिहायला बसण्याआधी अधिकाचं चिन्ह काढा, दहा वेळा. उभी-आडवी रेघ सारखी जाड आली की सुरू करा. दंडाचं खालचं टोकही बघत जा : ते तिरकं कापल्यासारखं दिसतं, डावा कोपरा वर आणि उजवा खाली. ओळीतल्या सगळ्या दंडांचे हे तिरके काप एकमेकांना समांतर असले पाहिजेत. कोन कुठल्या अक्षरापासून सुटला ते तिथेच कळतं.

निपाणीकर

कागद तिरका ठेवला तर?

शहापूरची दौत

ठेवा की. वरची कड डावीकडे १५-२० अंश कलवा. त्यामुळे कागदाच्या मानाने धार तेवढीच जास्त तिरकी होते आणि मनगट कमी मुरगाळावं लागतं. उलट्या बाजूला कलवलात तर मात्र त्रास वाढतो.

खानापूरचा बोरू

कोनाचं निम्मं काम बोरूच्या कापातच होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. बाजारातली सरळ कापाची निब घेऊन बाळबोधीचा ४५ अंशांचा कोन धरायला गेलं तर मनगट दुखतंच. त्यासाठी टोक तिरकं छाटलेलं हवं.

नळ : देवनळ किंवा बारीक बांबू. बाहेरचा व्यास १० ते १२ मि.मी., भिंत साधारण २ मि.मी. भिंत पातळ असली तर टोक लवकर बसतं, जाड असली तर चीर नीट जात नाही. हिरवा नळ कधीच छाटू नका. सावलीत तीन-चार आठवडे वाळवा. उन्हात वाळवला तर उभा तडकतो. बुरुडांकडे टोपल्या विणून उरलेले बांबूचे तुकडे मिळतात, ते बहुधा वाळलेलेच असतात.

लांबी १८ ते २० सें.मी. एक पेर लिहिण्याच्या टोकापासून दूर ठेवा, म्हणजे पाठीमागून बंद राहतो आणि फुटत नाही.

छाटणी :

पहिला काप लांब आणि तिरका, साधारण ३५-४० मि.मी. लांबीचा. नळाचं पोट उघडं पडतं.

आतला भुसभुशीत गर पूर्ण खरवडून काढा. घाईत हाच टप्पा राहतो. गर राहिला तर तो शाई पितो आणि मग एकदम सोडतो; अक्षराच्या मध्येच ठिपका पडतो तो यामुळे.

दोन्ही बाजूंनी खांदे काढा. टोकाची रुंदी ५ मि.मी.पेक्षा किंचित जास्त, साडेपाच ठेवा. शेवटच्या घासकामात अर्धा मि.मी. जातो.

चीर मधोमध, ८ ते १० मि.मी. पात्याने सुरुवात करा आणि पातं हळूच पिळा. चीर पुढे पळू नये म्हणून जिथे ती थांबायला हवी तिथे आधीच दीड मि.मी.चं भोक पाडून ठेवा. भोक नसेल तर पावसाळा संपून हवा कोरडी झाली की चीर आपोआप वाढते.

शेवटचा काप, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा : टोक कठीण गोष्टीवर ठेवून एका दाबात तोडा. काच नको, पात्याची धार जाते. जाड प्लॅस्टिकची पट्टी किंवा शिंगाचा तुकडा चांगला. बोरूचं टोक आपल्यापासून लांब धरून वरून पाहिलं तर डावा कोपरा पुढे आणि उजवा मागे असा २५ ते ३० अंशांचा तिरका काप हवा. उरलेले १५-२० अंश कागद कलवून मिळतात. असं केलं की मनगट जवळजवळ सरळ राहतं.

काप दोन झटक्यांत केला तर कडेला पायरी राहते आणि रेघेची एक बाजू करवतीसारखी येते. तशी आली तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सुक्याने दोन-तीनदा ओढा, मग १०००वर. कोपरे गोल करू नका. बाळबोधीचा सगळा नखरा त्या कोपऱ्यांत आहे.

शाई जास्त वेळ टिकायला हवी असेल तर शीतपेयाच्या डब्याचा पत्रा ५ मि.मी. रुंद आणि ४० मि.मी. लांब कापून, इंग्रजी ‘एस’सारखा वाकवून पोटात बसवा. त्याचं पुढचं टोक चिरेपासून २ मि.मी. मागे थांबलं पाहिजे. चिरेला टेकलं तर शाई ओततो, फार मागे गेलं तर काहीच उपयोग नाही.

टिळकवाडी_अक्षर

अधिकाची चिन्हं काढली, फरक लगेच कळला. आता पुढचं. शाई पसरतेय. अक्षराच्या कडेला बारीक केस फुटल्यासारखं होतंय. कागदाचा दोष की शाईचा?

चिकोडीची शाई

बहुतेक वेळा कागदाचा. झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद बोरूसाठी नाहीच. त्याला खळ कमी असते आणि बोरू एका रेघेत निबेच्या कितीतरी पट शाई सोडतो. सरावाला १०० जीएसएमचा बाँड, बैठकीच्या प्रतीला कार्ट्रिज पेपर.

घेण्याआधी एक थेंब टाकून बघा. थेंबाची कड गोल राहिली आणि अर्ध्या मिनिटात कागदाच्या पाठीमागे डाग दिसला नाही, तर चालेल.

आता पावसाचे दिवस आहेत, हे विसरू नका. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कागद हवेतलं पाणी घेऊन फुगतो आणि खळ नरम पडते. उन्हाळ्यात ठीक असलेला तोच रीम आता केस फोडतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. लिहिण्याआधी दहा मिनिटं साठ वॅटच्या जुन्या गोळ्याखाली हातभर अंतरावर ठेवला तरी पुरतं. इस्त्री फिरवू नका, चुरगळ्या पडतात.

हातकागद वापरणार असाल तर त्याला वरून खळ द्या. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम तांदळाचं पीठ शिजवून, गाळून, कोमट असताना चपट्या ब्रशने एकदा आडवं आणि वाळल्यावर एकदा उभं. पुरतं वाळलं की गुळगुळीत अकीकाने नाहीतर मोठ्या कवडीने घोटा. घोटल्याशिवाय बोरू अडकतो, तंतू उचलतो आणि ते तंतू चिरेत जाऊन बसतात. काहीजण खळीत तुरटी घालतात. त्याने शाई छान धरते खरी, खरं तुरटीच्या आंबटपणाने कागद काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. जपून ठेवायच्या प्रतीला तुरटी नको, असं माझं ठाम मत आहे.

निपाणीकर

काजळाची शाई घरी करायची आहे. प्रमाण मिळेल का? गेल्या वेळी बैठकीत बघितलेली प्रत नुसतं बोट फिरवलं तरी पुसली जात होती.

चिकोडीची शाई

पुसली जाते म्हणजे डिंक कमी. उलट डिंक जास्त झाला तर अक्षर चकाकतं आणि कागद वाकवला की पापुद्रे उडतात. दोन्हींच्या मधलं साधायचं.

आपल्या भागात जैन बसद्या (मंदिरं) भरपूर, आणि पोथ्या लिहिणाऱ्या जैन लेखनिकांची जुनी कृती हिशोबाला फार सोपी आहे : जेवढं काजळ तेवढाच हिराबोळ (एक सुगंधी राळ), आणि डिंक दुप्पट. वर माक्याचा रस. म्हणजे १० ग्रॅम काजळ, १० ग्रॅम हिराबोळ, २० ग्रॅम बाभळीचा डिंक. वजन करूनच घ्या. काजळ इतकं हलकं असतं की चमच्याच्या मापाने हमखास चुकतं.

काजळ धरायला तिळाचं तेल, कापसाची जाड वात, वर उपडं मातीचं परळ. ज्योतीच्या टोकापासून परळ दोन-तीन सें.मी. वर. फार जवळ आणलं तर तेलकट, खरखरीत थर बसतो. फार वर नेलं तर काजळ हवेत उडून जातं. वाऱ्याच्या झोताने ज्योत हलली की दाणे मोठे होतात, म्हणून तिन्ही बाजूंनी आडोसा करा. काजळ पिसाने काढा, बोटाने नाही. बोटाचा तेलकटपणा शाईत उतरतो.

डिंक आणि हिराबोळ वेगवेगळ्या भांड्यांत रात्रभर भिजवा. डिंकाला ६० मि.ली. पाणी, हिराबोळाला २० मि.ली. सकाळी सुती कपड्यातून गाळा. हिराबोळ पूर्ण विरघळत नाही, गाळ राहणारच.

काजळ थेट पाण्यात टाकू नका. ते पाण्याला धरत नाही, वर तरंगत राहतं. खलात आधी काजळ घ्या, त्यात डिंकाचं पाणी चमचाभर घालून घट्ट लगदा करा आणि तो घोटा. कोरडं काजळ उरलेलं दिसलं तर स्पिरिटचे तीन-चार थेंब. लगदा एकजीव झाल्यावरच बाकीचं पाणी थोडं थोडं घाला. जुन्या कृतीत कडुनिंबाच्या लाकडाचा घोटा सांगितलाय. घोटण्याचा वेळ हाच या शाईचा खरा खर्च : रोज तासभर असं पाच-सहा दिवस. घोटणं कमी पडलं की शाई राखाडी दिसते आणि तासाभरात तळाला बसते.

माक्याचा रस शेवटी, दोन चमचे, गाळून. पावसाळ्यात बुरशी येते म्हणून दोन लवंगा दौतीत टाकून ठेवा.

आणखी एक. या दिवसांत डिंकाची शाई वाळल्यासारखी दिसते, खरं आत ओली असते, कारण डिंक हवेतलं पाणी ओढत राहतो. प्रती एकमेकींवर रचू नका, दोन दिवस दोरीला टांगा. रचल्या तर चिकटतात आणि सोडवताना दोन्ही जातात.

ज्यांना हे सगळं जमणार नाही त्यांनी पोस्टर कलर घ्या. काळा एक भाग, पाणी दोन भाग, सायीएवढं दाट. बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक बोरूला चालते, पण लिहून झाल्याबरोबर बोरू धुवा. तिच्यात लाख असते. चिरेत वाळली की पाण्याने निघत नाही, नवीन काप द्यावा लागतो. फाउंटन पेनात ती कधीच भरू नका.

मोडीवेडी

दुसऱ्या ओळीबद्दल लिहिते. बाळबोधीचा ५ मि.मी.चा बोरू तसाच मोडीला लावलात तर नुसते डाग दिसतील. मोडीला दीड मि.मी., फार तर दोन. लिपीच्या वाकणांत आणि गाठींत तेवढीच जागा असते. ओळ ५० मि.मी.चीच राहू द्या, तिच्यात मोडीच्या दोन लहान ओळी बसवा.

मोडीची शिरोरेषा आधी. पूर्ण ओळभर, कागदाच्या एका समासापासून दुसऱ्यापर्यंत एकच रेघ. मग अक्षरं तिला खालून लटकवायची. बाळबोधीची सवय असलेले अक्षर आधी लिहितात आणि शिरोरेषा नंतर देतात. मोडीत असं केलं की अक्षरं वरखाली होतात, कारण पुढच्या अक्षराला जाणारी रेघ याच शिरोरेषेच्या आधाराने वर चढते आणि खाली उतरते.

दुसरी चूक हात उचलण्याची. एक अक्षर संपतं तिथून पुढचं सुरू होतं, मध्ये बोरू उठत नाही. शाई मध्येच संपली तर शब्दाच्या शेवटपर्यंत कोरडंच ओढा आणि मग दौतीत बुडवा. शब्दाच्या मध्ये जोड दिलेला मोडीत लगेच डोळ्यांत भरतो.

वेलांटी-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद मोडीत केला जात नाही, तेव्हा ‘बेळगाव’ लिहिताना काही अडणार नाही. पुढे कोणी ‘खानापूर’ किंवा ‘चिकोडी’ घेतलं तर ऱ्हस्व-दीर्घाचा वाद घालू नये.

शिवकालीन आणि पेशवेकालीन वळण एका ओळीत मिसळू नका. पेशवेकालीन अक्षर जास्त गोल, सुबक आणि एकसारख्या अंतराचं. सुरुवातीला तेच घ्या. संगणकावर नमुना काढायचा असेल तर मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे. टंक मिळतात, पण टंकातली अक्षरं सुटी सुटी असतात. वळण बघायला ठीक, जोड शिकायला नाही. जोड जुन्या कागदांच्या छायाचित्रांवरूनच शिकावेत.

पाटीचा ब्रश

तिसऱ्या ओळीत बऱ्याच जणांचा घोळ होणार, म्हणून आधीच सांगतो. कन्नड अक्षराला शिरोरेषा नाही. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर तलकट्टू, म्हणजे छोटी आडवी खूण, असतो, ज्याचा त्याचा स्वतंत्र. तो बाळबोध शिरोरेषेच्या रेघेवर ठेवला आणि गाभाही २५ मि.मी. घेतला, तर कन्नड ओळ बाळबोधीपेक्षा लहान आणि विरळ वाटते. बाळबोध ओळ सलग शिरोरेषेने बांधलेली असते, तिचं वजन वरून खाली लटकतं. कन्नडचं वजन गोलांत, म्हणजे मध्यावर आणि खाली. गाभा २८ मि.मी. करा आणि दोन अक्षरांमधलं अंतर बाळबोधीपेक्षा कमी ठेवा.

खाली जागा जास्त सोडा. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लिहितात, ऒत्तक्षर म्हणतात त्याला. अडीच टोकं पुरत नाहीत, तीन-साडेतीन लागतात. ‘बेळगावि’ या शब्दात जोडाक्षर नाही, खरं तोच कागद पुढे ‘चिक्कोडि’ला वापरलात तर लगेच अडाल.

आणि एकार-इकार लावताना तलकट्टू तसाच ठेवून वर चिन्ह चढवू नका. बहुतेक अक्षरांत तलकट्टूची जागाच ते चिन्ह घेतं. बाळबोधीवरून आलेल्या हाताची ही ठरलेली चूक आहे. ‘बे’चा एकार इथे ऱ्हस्व आहे. बाळबोधीत आपल्याला तो भेद लिहावा लागत नाही, कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ एकाराची चिन्हं वेगळी आहेत.

हत्यार म्हणाल तर तिरक्या कापाचा बोरू कन्नडला लावू नका. गोल टोकाची निब, नाहीतर ५ नंबरचा गोल ब्रश. रेघेची जाडी साडेतीन मि.मी. ठेवा. बाळबोधीचा दंड जेवढा जाड तेवढीच. मग दोन्ही ओळी एका हातच्या वाटतात.

निपाणीकर

ब्रशअण्णा, दुकानाच्या पाटीवर दोन लिप्या आल्या की कसं करता? गल्लीतल्या मंडळाचा फलक करायचा आहे.

पाटीचा ब्रश

२०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला आणि तोही वरच्या बाजूला, असा नियम आहे. म्हणजे मराठीला ४० टक्के, खालच्या बाजूला. एवढ्या जागेत मराठी छान बसवणं हे आपलं काम. १०० सें.मी. उंच पाटी असेल तर मराठीच्या ४० सें.मी.मध्ये खालचा समास ७, उकाराला ६, गाभा १७, मात्रा-वेलांटीला ६, वरच्या कन्नडपासून अंतर ४. गाभा याहून मोठा करायचा मोह टाळा. वेलांट्या कन्नडच्या ऒत्तक्षरांत घुसतात आणि दोन्ही वाचता येत नाहीत.

आधी खाका करा. पूर्ण मापात कागदावर अक्षर काढून बाह्यरेषेवर सुईने २-३ मि.मी. अंतराने भोकं. पातळ कपड्याच्या पुरचुंडीत गडद पाटीला खडूची पूड, पांढऱ्या पाटीला कोळशाची. खाका पाटीवर चिकटवून पुरचुंडी आपटायची, घासायची नाही. घासलं की पूड कागदाखाली पसरते. एनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. पावसात तेही कमी पडतं. बोट लावून चिकटपणा गेला की मगच दुसरा हात. ओल्यावर दुसरा दिला तर सुरकुत्या पडतात आणि त्या परत घासूनच काढाव्या लागतात.

शहापूरची दौत

चौथ्या ओळीसाठी कल्पना हवी असेल त्यांनी किल्ल्यातल्या साफा मशिदीतले लेख असलेले खांब आठवावेत. १५१९ च्या या मशिदीत जुन्या मंदिरांचे खांब वापरले आहेत. त्यातल्या दोन खांबांवर लेख आहेत, एक ११९९ चा, रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या काळचा, दुसरा १२६१ चा, यादव कृष्णाच्या काळचा. भाषा कन्नड, लिपी नागरी. कन्नड भाषा आणि नागरी लिपी यांची सांगड या गावात आठशे वर्षांपूर्वीच घातली गेली आहे. मला तरी कित्त्याला याहून मोठी प्रेरणा सुचत नाही.

त्या काळच्या नागरीत बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पृष्ठमात्रा. एकाराची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या डावीकडे उभी रेघ म्हणून दिलेली. ‘बे’ तसा लिहून बघा. गाभ्यात एक दंड वाढतो आणि वरची मात्रेची जागा मोकळी होते. चौथी ओळ एकदम वेगळी दिसेल. मात्र खाली आजच्या वळणातही लिहा, नाहीतर वाचणारा ‘बा’च्या आसपास काहीतरी समजेल.

मोडीवेडी

लेख बघायला जाणाऱ्यांना कळकळीची विनंती. दगडावर खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावू नका. खडूचे कण छिद्रांत बसतात, तेलाने दगड कायमचा काळा पडतो आणि त्यावर धूळ धरते. ठसा घेण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या पुराभिलेख शाखेचं आहे, तिचं मुख्यालय म्हैसूरला. आपल्याला फोटो पुरतो, तोही जिथे परवानगी असेल तिथेच. किल्ला लष्करी हद्दीत आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.

उजेड समोरून मारला की कोरीव अक्षर नाहीसं होतं. टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर, १०-१५ अंशांवर, आणि डावी-वरची बाजू धरून मारा. मग उजवीकडून दुसरा फोटो. एकाच बाजूच्या उजेडात त्या दिशेला समांतर असलेल्या रेघा दिसत नाहीत आणि ‘प’चा ‘व’ वाचला जातो. नैसर्गिक उजेडात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी.

घरी येऊन फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून दगडाच्या खाचेचा मध्य काढा, कड नाही. कडा झिजलेल्या असतात. मध्यरेघ मिळाली की ती बोरूने परत लिहायची. छिन्नीची खाच दोन्ही बाजूंनी सारखी असते, तिच्यात बोरूचं जाड-बारीक थेट दिसत नाही. ते आपल्या कोनाने आपणच आणायचं.

टिळकवाडी_अक्षर

छान. ‘ल’ आणि ‘श’ कुठल्या वळणाचे घ्यायचे? फोनवरच्या टंकात हिंदी वळण येतं.

शहापूरची दौत

मराठी वळण. ‘ल’ पाकळ्यांचा. या कित्त्यात दोन्ही अक्षरं येत नाहीत, पण पुढच्या महिन्यात ‘हलशी’ घ्यायचा विचार आहे, त्यात दोन्ही येतात. टंकावरून गिरवू नका. आणि ‘ऱ्य’ हा चंद्ररफारानेच लिहा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत अर्थाचा फरक आहे. सुलेखनात सोयीसाठी तो पुसणं मला मान्य नाही.

संकेश्वरी

आमच्याकडच्या दोन मुली डावखुऱ्या आहेत. त्यांनी खानापूरकरांनी सांगितलेला तिरका काप केला, तर काहीच जमेना. शिरोरेषा ओढताना बोरू कागदात रुततोय.

खानापूरचा बोरू

अक्का, त्यांना तिरका काप नकोच. सरळ, ९० अंशांचा काप द्या. उजव्या हाताने धरलेल्या बोरूची दांडी खाली-उजवीकडे येते, म्हणून सरळ कापाची धार बाळबोधीच्या उलट पडते आणि आपल्याला तिरकं छाटावं लागतं. डाव्या हाताची दांडी खाली-डावीकडे येते. तिथे सरळ काप ठेवला की धार आपोआप बाळबोधीच्या ४५ अंशांवर बसते. या लिपीला डावा हात अडचणीचा नाहीच, उलट सोयीचा आहे. कागदही कलवायला नको, सरळ ठेवा.

रुततोय ते शिरोरेषा डावीकडून उजवीकडे नेल्यामुळे. डाव्या हातासाठी तो धक्का होतो, ओढ नाही. शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढायला सांगा. दंड वरून खालीच. हात ओळीच्या खाली ठेवावा, वरून वळवून आणू नये, म्हणजे ओलं अक्षर पुसलं जात नाही.

मोडीत मात्र शिरोरेषा उलटी ओढता आली तरी अक्षरं डावीकडून उजवीकडेच जोडत न्यावी लागतात. त्या ओळीपुरतं टोक १००० नंबरवर जास्त घासून कोपरे किंचित मारा, म्हणजे धक्क्यातही रुतणार नाही. मुलींना घेऊन या बैठकीला. सरळ कापाचे ५ मि.मी.चे दोन आणि दीड मि.मी.चे दोन बोरू छाटून आणतो.